दारं उघडी का होती?

वायव्य इंग्लंडातल्या लँकेशायरमधल्या कुठल्याही कापडाच्या गावात ऐंशी ओलांडलेल्या माणसाला जुन्या दिवसांबद्दल विचारलं की पहिल्या पाच मिनिटांत एक वाक्य येतंच: तेव्हा दाराला कुणी कुलूप लावत नसे. गाव बर्नली असो, नेल्सन असो, डार्वेन किंवा हॅसलिंग्डन, वाक्य बदलत नाही. त्यामागोमाग बाकीच्या गोष्टी येतात. पहाटे लांब काठीने वरच्या मजल्याच्या खिडकीवर टकटक करून गल्ली जागी करणारा माणूस. दगडी फरसबंदीवर लाकडी तळव्यांच्या, खाली लोखंडी पट्टी ठोकलेल्या बुटांचा खडखडाट. सोमवार म्हणजे कपडे धुण्याचा वार, गल्लीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोऱ्या. दाराची पायरी मऊ दगडाने घासून पांढरी किंवा पिवळसर करणाऱ्या बायका. वर्षातून एकदा सगळं गाव मिळून ब्लॅकपूलच्या समुद्रावर. परळ-लालबागमध्ये वाढलेल्या माणसाला यातलं बरंच ओळखीचं वाटेल; चाळीतली दारंही दिवसभर सताड उघडी असायची आणि त्याबद्दलचे उसासेही असेच आहेत.

या आठवणी खऱ्या आहेत. सांगणारी माणसं खोटं बोलत नाहीत. पण सांगता सांगता त्यांतली कारणं गळून जातात आणि मागे उरतं एवढंच, की माणसं तेव्हा चांगली होती, आता राहिली नाहीत. अशी कारण गळालेली आठवण कुणीही उचलून नेऊ शकतं, आणि गेल्या पंचवीस वर्षांत उत्तर इंग्लंडात ती उचलून नेली गेली आहे. म्हणून या गावांच्या रोजच्या जगण्याच्या आठवणी जपायला सरकारी तिजोरीतून पैसा द्यावा का, या तिथे वारंवार उठणाऱ्या प्रश्नाला माझं उत्तर ठाम होकाराचं आहे. अट एकच. आठवणीबरोबर तिचं कारणही जपलं पाहिजे. म्हणजे कायदा, मजुरीचा दर, आजार आणि रात्रपाळीसुद्धा.

दारापासूनच सुरुवात करू. खाली दोन खोल्या, वर दोन खोल्या, दोन्हीकडच्या भिंती शेजाऱ्यांशी सामायिक, अशा रांगेतल्या भाड्याच्या घरात चोरण्यासारखं फारसं काही नव्हतं, हे उत्तर कुणीही देईल. त्याहून महत्त्वाचं कारण गिरणीत आहे. पूर्व लँकेशायरच्या विणकामाच्या गावांत लग्न झालेल्या बायका मोठ्या संख्येने कामाला जात. १८९२ च्या समान दरपत्रकानुसार विणकराला नगावर मजुरी मिळे आणि दर बाईला आणि पुरुषाला एकच होता. प्रत्यक्षात पुरुषाच्या हाती थोडे जास्त पैसे पडत हे खरं, पण त्या काळी दर तरी एक असणं ही साधी गोष्ट नव्हती. आता आई-बाप दोघेही सकाळी साच्यावर, म्हणजे विणकामाच्या यंत्रावर, उभे असतील, तर शाळेतून परतलेल्या पोराला घरात शिरता आलं पाहिजे आणि शेजारच्या म्हातारीला त्याच्यावर नजर ठेवता आली पाहिजे. उघडं दार ही पोरं सांभाळण्याची व्यवस्था होती. स्वभावाचा चांगुलपणा त्यात होताच, पण त्या चांगुलपणाला रोज सकाळी सहा वाजता कामावर जावं लागत होतं.

संध्याकाळचंही तसंच. मासे आणि बटाट्याचे चिप्स ही आज अख्ख्या इंग्लंडची ओळख झाली आहे, पण या गावांत त्यांची दुकानं इतकी दाट झाली त्याचं एक मोठं कारण हे, की दहा तास उभी राहून आलेल्या बाईला चूल पेटवायचं त्राण नसे. चिप्सचा मान कुणाचा यावरून ओल्डहॅम आणि मॉसली ही शेजारची गावं अजून भांडतात; मला त्या भांडणापेक्षा दुकानापुढची रांग महत्त्वाची वाटते. गिरणगावात खाणावळी वाढल्या त्या कोकणातून आणि साताऱ्याकडून एकटे आलेले पुरुष होते म्हणून. लँकेशायरमध्ये घरात बाई होती, फक्त ती दमलेली होती. आणखी एक गोष्ट तिथल्या म्हाताऱ्या बायका हसत हसत सांगतात: चांगला नवरा कोण, तर जो पगाराचं पाकीट न फोडता बायकोच्या हातात देतो आणि तिच्याकडून खर्चाला पैसे मागून घेतो. हिशोब बाईच्या हातात होता. तो हातात येण्यामागे ती स्वतः कमावती असण्याचा वाटा किती, हे सांगायला मात्र त्या विसरतात.

शनिवारची गोष्ट तर मला या सगळ्यात सर्वांत बोलकी वाटते. शनिवारी दुपारी फुटबॉल, सगळं गाव मैदानावर, बाप मुलाला खांद्यावर घेऊन उभा. हे चित्र इतकं नैसर्गिक वाटतं की ते कधी सुरू झालं असेल असा प्रश्नच पडत नाही. ते सुरू होऊ शकलं १८५० च्या कारखाने कायद्यामुळे, ज्याने बायका आणि अल्पवयीन कामगारांचं काम शनिवारी दुपारी दोनला थांबवायला लावलं. बायका आणि पोरं निघून गेल्यावर गिरणी चालणार कशी? हळूहळू सगळ्यांचीच शनिवारची दुपार मोकळी झाली. १८८८ मध्ये जगातली पहिली फुटबॉल लीग स्थापन झाली तेव्हा बारा संघांपैकी सहा एकट्या लँकेशायरचे होते: अ‍ॅक्रिंग्टन, ब्लॅकबर्न, बोल्टन, बर्नली, एव्हर्टन आणि प्रेस्टन. संसदेत वर्षानुवर्षं भांडून मिळवलेल्या अर्ध्या दिवसाचं ते फळ होतं. आपल्याकडे नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांना एकत्र करून रविवारची सुट्टी मिळवली ती १८९० मध्ये. ज्या दिवशी आपण आज निवांत मटण आणायला जातो, त्या दिवसामागेही असाच एक झगडा आहे, आणि तो आपणही विसरलोच आहोत.

शनिवारच्या क्रिकेटबद्दल थोडं विषयांतर करतो, कारण ते टाळणं जमण्यासारखं नाही. लँकेशायर लीगमध्ये प्रत्येक गावाचा संघ एक पगारी खेळाडू ठेवे, बाकीचे दहा जण गावातलेच विणकर, कारकून, खाटीक. १९५२ मध्ये विनू मंकड हॅसलिंग्डनच्या नोकरीत होते, कारण भारतीय मंडळाने त्यांना संघातल्या जागेची हमी द्यायला नकार दिला होता. लीड्सच्या कसोटीत भारताची अवस्था शून्यावर चार बाद झाली आणि मंडळाला हॅसलिंग्डनकडे हात पसरावे लागले. लॉर्ड्सवर मंकडांनी ७२ आणि १८४ धावा केल्या आणि पहिल्या डावात पाच बळी घेतले. एका छोट्या कापडगावाने भारताला खेळाडू उसना दिला, ही गोष्ट दोन्हीकडच्या आठवणींत हवी तेवढ्या मानाने नाही.

ब्लॅकपूलची सहलही अशीच. प्रत्येक गावाचा आठवडा वेगळा ठरलेला. त्या आठवड्यात सगळ्या गिरण्या एकदम बंद, बॉयलर साफ, चिमण्यांतून धूर नाही, आणि गाव रिकामं. मूळ प्रथा जत्रेची होती, पण गिरणीमालकांनाही यंत्रांच्या दुरुस्तीसाठी ती सोयीची पडली. यातली अडचण अशी की कित्येक दशकं हा आठवडा बिनपगारी होता. वर्षभर दर शुक्रवारी थोडे थोडे पैसे बचत मंडळात टाकायचे आणि एका आठवड्यात ते उडवून रिकाम्या हाताने परत यायचं. पगारी सुट्टीचा कायदा झाला १९३८ मध्ये. त्याआधीची समुद्रकिनाऱ्याची आनंदी छायाचित्रं पाहताना हे लक्षात ठेवावं, की त्यातल्या प्रत्येक माणसाची त्या आठवड्याची मजुरी बुडालेली आहे. बचतीची सवय लावणारी दुसरी संस्था म्हणजे सहकारी भांडार. १८४४ मध्ये रॉचडेलच्या टोड लेनवर सुरू झालेल्या दुकानाने खरेदीच्या प्रमाणात नफा वाटायची पद्धत रूढ केली आणि ती गावोगाव पसरली. लहानपणी आईने दुकानात पाठवताना पाठ करून घेतलेला सभासद क्रमांक तिथल्या म्हाताऱ्या माणसांना आजही तोंडपाठ असतो. नातवंडांची नावं अडखळतात, तो आकडा अडखळत नाही.

तर माझं म्हणणं इतकंच आहे, की ज्याला हे लोक शेजारधर्म म्हणतात तो कायदा, कामगार संघटना, सहकार आणि बाईची स्वतःची मजुरी यांच्यावर उभा होता. यातला एकेक खांब पडला तसा तो धर्मही पडला. माणसांचे स्वभाव मध्येच कुणी बदलून टाकले नाहीत.

आता जे सांगितलंच जात नाही त्याकडे येऊ. विणकामाच्या खात्यात शेकडो साचे एका छपराखाली चालत. आवाज इतका की बाजूच्या माणसाचं बोलणं ऐकू येणं अशक्य. म्हणून विणकर बायका तोंडाच्या ठळक हालचाली आणि हातवारे करून बोलत आणि एकमेकींचे ओठ वाचत. ही कला आज गमतीने, नक्कल करून दाखवली जाते. त्या बायकांपैकी कितीतरी जणी मध्यम वयातच ऐकू न येणाऱ्या झाल्या, हे नकलेत येत नाही. धोट्यात, म्हणजे आडवा धागा घेऊन साच्यात फिरणाऱ्या साधनात, सुताची नवी कांडी घातली की सुताचं टोक त्याच्या बारीक छिद्रातून तोंडाने ओढून घ्यावं लागे. एकच धोटा अनेकींच्या तोंडाला लागे. त्याला तिथे ‘धोट्याचं चुंबन’ असं लाडिक नाव होतं. त्यातून रोग पसरतो अशी ओरड विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून होती, आणि बंदी आली १९५२ मध्ये. कापूस पिंजण्याच्या खात्यातल्या धुळीने छाती भरून यायची. रविवारच्या सुट्टीनंतर सोमवारी दम अधिक लागे, म्हणून त्या दुखण्याला सोमवारचंच नाव पडलं होतं. भरपाईचा कायदा १९४० चा, आणि तोही सुरुवातीला फक्त पुरुषांसाठी. ज्या उद्योगात निम्म्याहून जास्त बायका, तिथे हे!

मुलांचं पाहा. बारा वर्षांचं पोर अर्धा दिवस गिरणीत आणि अर्धा दिवस शाळेत, ही पद्धत पहिल्या महायुद्धानंतर संपली. दुपारी बाकावर डोकं टेकून झोपलेली मुलं हा शिक्षकांचा नेहमीचा अनुभव होता. यात मालकांना शिव्या घालणं सोपं आहे. पण १९०९ मध्ये कापड कामगार संघटनांनी आपल्या सभासदांचं मत घेतलं तेव्हा कामगारांनीच प्रचंड बहुमताने वय वाढवायला विरोध केला. घरात पोराची मजुरी हवी होती, आणि ‘आम्हीही असेच वाढलो’ हे वाक्य तेव्हाही होतं. गोड आठवणीत हा निकाल बसत नाही, आणि कामगारांना नायक करून लिहिलेल्या इतिहासातही तो अवघड जागीच बसतो. मला तो दोन्हीकडे हवा आहे.

घरातलं सांगायचं तर संडास मागच्या अंगणात. बर्नलीच्या बाजूला त्याची एक खास रचना होती: स्वयंपाकघरातलं सांडपाणी खाली एका झुकत्या भांड्यात साठायचं, ते भरलं की आपोआप कलंडायचं आणि खोल नळातली घाण वाहून जायची. खोलवरून अचानक येणाऱ्या त्या आवाजाची लहान मुलांना भीती वाटायची. दोऱ्यांवरच्या कपड्यांवर काजळी पडायची. १९५६ च्या स्वच्छ हवेच्या कायद्यानंतर तिचं प्रमाण हळूहळू कमी झालं. पायऱ्या इतक्या घासाव्या लागत त्याला काजळीही कारण होती, एवढं सांगून हा भाग सोडतो.

सगळ्यात मोठी गळती वेगळीच आहे. या गावांच्या आठवणीत भारत जवळजवळ नाही. १९१३ च्या सुमारास लँकेशायरमधून वर्षाला सुमारे सात अब्ज यार्ड कापड जगभर जाई, आणि त्यातलं तीन अब्जांच्या आसपास एकट्या हिंदुस्थानात खपे. बर्नलीत तेव्हा एक लाखाच्या घरात साचे होते, आणि तिथून निघणारा बराचसा माल साधा, कोरा, आपल्या बाजारासाठीचा. म्हणजे ब्लॅकपूलच्या त्या आठवड्याच्या पैशांत खानदेशातल्या आणि कोकणातल्या धोतरांचा हिस्सा होता. डार्वेनमध्ये इंडिया मिल नावाची गिरणी आहे; तिची तीनशे फुटांची देखणी चिमणी आजही गावभर दिसते. नाव रोज डोळ्यांसमोर आहे, पण नावामागचा व्यवहार कुणाच्या बोलण्यात येत नाही. त्याआधी, १८६१ ते ६५ मध्ये अमेरिकेतल्या यादवीमुळे तिकडचा कापूस अडला तेव्हा आपल्याकडचा आखूड धाग्याचा कापूस, ज्याला तिकडे सरसकट सुरती म्हणत, लँकेशायरमध्ये गेला. सूत सारखं तुटे, मजुरी बुडे. ‘देवा, कापूस पाठव, पण सुरती नको’ अशी प्रार्थना विणकरांच्या नावावर सांगितली जाते. त्याच वर्षांत मुंबईत पैशाचा पूर आला, शेअरचा जुगार रंगला आणि १८६५ मध्ये सगळं कोसळलं. तिकडे उपास आणि इकडे दिवाळी, मग दिवाळं. दोन्ही एकाच धाग्याची टोकं.

सप्टेंबर १९३१ मध्ये गांधीजी गोलमेज परिषदेसाठी गेले असता डार्वेनला गेले. त्यांच्याभोवती हसत, हात उंचावत उभ्या असलेल्या गिरणी कामगार बायकांचं छायाचित्र आपल्याकडच्या बहुतेकांनी कधी ना कधी पाहिलेलं असतं. आपण ते अभिमानाने दाखवतो, डार्वेनही दाखवतं. पण त्या वर्षी त्या भागातल्या कितीतरी गिरण्या बंद होत्या आणि आपला परदेशी कापडावरचा बहिष्कार हे त्यामागचं एक कारण होतं. जपानचा माल आणि मुंबई-अहमदाबादच्या गिरण्या ही त्याहून टिकाऊ कारणं. गांधीजींनी त्यांची अडचण ऐकून घेतली आणि हिंदुस्थानातली बेकारी आणि दारिद्र्य याहून किती पटींनी मोठं आहे ते सांगितलं. माघार घेतली नाही. त्या भेटीत प्रेम होतं आणि हितसंबंधांचा उघड विरोधही होता. छायाचित्रात पहिलं उतरलं, दुसरं उतरलं नाही. आपली बाजूही काही धुतल्या तांदळाची नाही. मँचेस्टर म्हणजे शत्रू एवढंच आपल्याला शाळेत शिकवलं गेलं. चार साचे सांभाळून बहिरी झालेली बाई त्या शत्रूत कुठेच नव्हती. १९२८ मध्ये मुंबईत दोनाऐवजी तीन साचे चालवायला सांगितल्यावर सहा महिन्यांचा संप झाला. तीन वर्षांनी बर्नलीत चाराऐवजी आठ साच्यांवरून तेच भांडण पेटलं. एकमेकांच्या बाजारावर जगणाऱ्या या दोन गावांतल्या कामगारांचं भांडण शब्दशः एकच होतं, आणि दोघांच्याही आठवणीत ते फक्त आपलं म्हणून राहिलं.

आता रात्रपाळी. १९५८ मध्ये ब्रिटन कापड विकण्यापेक्षा विकत जास्त घेऊ लागलं. १९५९ च्या कायद्याने जुने साचे आणि सूत कातणाऱ्या चात्या भंगारात काढायला मालकांना सरकारी पैसे मिळाले आणि नव्या यंत्रांसाठीही मदत मिळाली. महाग यंत्र चोवीस तास चालवलं तरच परवडतं. कायद्यामुळे बायकांना रात्री लावता येत नव्हतं, गावातल्या पुरुषांना रात्रपाळी नको होती. त्या जागी आले मीरपूरचे पाकिस्तानी, सिल्हेटचे बंगाली, गुजराती. मीरपूरमधल्या कित्येकांची गावं तर मंगला धरणाखाली गेली होती. ही माणसं उद्योग बुडवायला आली नव्हती. बुडणारा उद्योग आणखी पंधरा-वीस वर्षं रेटला तो त्यांनी, रात्री. ती त्याच रांगेतल्या घरांत राहिली, त्याच मागच्या गल्ल्यांत त्यांची पोरं खेळली. पण सुरुवातीच्या काळात रंगावरून घर नाकारणं बेकायदाही नव्हतं; तो कायदा आला १९६८ मध्ये. दिवसपाळीचा कामगार घरी जाताना रात्रपाळीचा आत यायचा. गिरणी एक, पण भेट फाटकापुरती. मग गावाच्या आठवणीत रात्रपाळी नाही याचं नवल ते काय?

त्या न भेटण्याची किंमत पुढे मोजावी लागली. २००१ च्या उन्हाळ्यात आधी ओल्डहॅम, मग बर्नली पेटलं. सरकारी चौकशीच्या अहवालाने दोन्ही समाज समांतर आयुष्यं जगत असल्याचं म्हटलं. २००२ च्या मे महिन्यात बर्नलीत वंशवादी ब्रिटिश नॅशनल पार्टीचे तीन नगरसेवक निवडून आले. २०१६ मध्ये तिथल्या दोन तृतीयांश मतदारांनी युरोपीय संघ सोडण्याच्या बाजूने कौल दिला आणि २०१९ मध्ये शंभराहून अधिक वर्षांत पहिल्यांदाच हुजूर पक्षाचा खासदार तिथून गेला. या मतदारांना अडाणी ठरवणारे शहरी शहाणे मला पटत नाहीत. त्यांचं काहीतरी खरोखर हरवलं होतं. त्यांना सांगण्यात आलं की ते परक्यांनी नेलं. सांगणाऱ्यांपैकी कुणीही कामगार संघटना परत देऊ केली नाही, सहकारी भांडार देऊ केलं नाही. उघडं दार मात्र सगळ्यांनीच देऊ केलं.

या गावांना परका माणूस अजिबात चालत नसे असंही नाही. नेल्सनने १९२९ मध्ये त्रिनिदादच्या लिअरी कॉन्स्टंटाइनला क्रिकेटसाठी बोलावलं. सुरुवातीला कुतूहलाने खिडकीतून डोकावणारी पोरं आणि शिव्यांची निनावी पत्रं, दोन्ही त्याच्या वाट्याला आली. तो तिथे वीस वर्षं राहिला, आणि १९६९ मध्ये उमराव झाला तेव्हा आपल्या किताबात त्याने त्रिनिदादच्या गावाबरोबर नेल्सनचंही नाव घेतलं. पण तो मैदानावरचा तारा होता, एकटा होता आणि दिवसाउजेडी दिसत होता.

मग पैशाचा प्रश्न. बर्नलीजवळ हार्ल साइक इथे क्वीन स्ट्रीट मिल आहे, १८९४ ची. वाफेवर चालणारं विणकाम करणारी शेवटची गिरणी. तिचं इंजिन आणि सुमारे तीनशे साचे जागेवर आहेत आणि चालवता येतात. व्यवसाय म्हणून ती मार्च १९८२ मध्ये बंद पडली, चार वर्षांनी संग्रहालय झाली, आणि २०१६ मध्ये काउंटीने खर्चकपातीत तिला कुलूप लावलं. नंतर ठरावीक दिवसांपुरती ती पुन्हा उघडली. विरोधाचा युक्तिवाद ताकदीचा आहे, तो उडवून लावणं बरोबर नाही: म्हाताऱ्यांच्या देखभालीला पैसे नाहीत, तिथे म्हाताऱ्या यंत्रांना का द्यायचे? माझं उत्तर असं, की चालू साच्यांच्या त्या खात्यात दोन मिनिटं उभं राहिलेल्या माणसाला ‘ते दिवस किती छान होते’ हे पूर्वीच्या सहजतेने म्हणता येणार नाही. तो आवाज कुठल्याही भाषणापेक्षा जास्त समजावतो. बंद यंत्रं, मंद दिवे आणि भेटवस्तूंचं दुकान एवढंच ठेवायचं असेल, तर पैसे खुशाल देखभालीला द्यावेत.

दुसरा आक्षेप असा, की म्हाताऱ्यांच्या आठवणींवर विश्वास किती ठेवायचा. हे विचारण्याच्या पद्धतीवर ठरतं. १९३७ मध्ये टॉम हॅरिसन या संशोधकाच्या मंडळींनी बोल्टनमध्ये ठाण मांडून कामगारांच्या नोंदी सुरू केल्या: पबमध्ये बिअरचा पेला किती मिनिटांत संपतो इथपर्यंत. पॅसिफिकमधल्या बेटावरच्या लोकांचा अभ्यास करून परतलेला हा हॅरिसन साहेब स्वदेशातल्या कामगारांकडे त्याच दुर्बिणीतून बघतोय, असं त्या नोंदी वाचताना वाटत राहतं. तरी त्या आहेत म्हणून बरं. १९७० च्या दशकात इतिहासकार एलिझाबेथ रॉबर्ट्स यांनी बॅरो, लँकेस्टर आणि प्रेस्टनमधल्या दीडशेहून जास्त माणसांना उलट शांतपणे प्रश्न विचारले. भाडं किती होतं, बाळंतपणाला कोण आलं, पाकीट कुणाच्या हातात जायचं. असे प्रश्न आले की उसासे आपोआप बाजूला होतात आणि कारणं वर येतात. आज हेच प्रश्न बर्नलीतल्या आणि नेल्सनमधल्या रात्रपाळीच्या माणसांना, पंजाबीत, पहाडीत आणि बंगालीत, विचारायला हवेत. तेही आता ऐंशीला टेकले आहेत.

हे सगळं आपल्यालाही लागू आहे. क्वीन स्ट्रीट मिल बंद पडली त्याच वर्षी, १८ जानेवारी १९८२ ला, मुंबईत अडीच लाखांच्या आसपास कामगारांचा संप सुरू झाला. मुंबईतल्या गिरण्यांना यंत्रं पुरवणारी ओल्डहॅमची प्लॅट ब्रदर्सही त्याच वर्षी संपली. आपल्या गिरण्यांच्या जागी मॉल आणि टॉवर आले, आणि काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिलच्या जागेवर वस्त्रोद्योग संग्रहालय करण्याची महापालिकेची योजना वर्षानुवर्षं चर्चेत आहे. तिथे दिव्यांचे खेळ आणि पडद्यावरचे माहितीपट हवेत तेवढे करावेत. पण एक खातं असं हवं जिथे साचे खरोखर चालतील, भोंगा वाजेल, कामगार भरती करणाऱ्या मुकादमाची, म्हणजे जॉबरची, लाच आणि बदली कामगाराचं फाटकावरचं ताटकळणं सांगितलं जाईल, आणि चाळीतली दारं उघडी असताना त्या दहा बाय दहाच्या खोलीत पाळीपाळीने किती माणसं झोपत होती हेही सांगितलं जाईल. साचा चालवता येणारी माणसं त्यासाठी आत्ता, पगार देऊन, शिकवायला बसवावी लागतील. संपाच्या वेळी पंचविशीत असलेला साचेवाला आज सत्तरीच्या आसपास आहे.